खजुराच्या हंगामातलं गाव

ही गोष्ट मी कित्येक वर्षं टाळत आलो. जेद्दात आमच्या कोकणी लोकांची बैठक बसली की कुणीतरी म्हणायचं, "बेटावरच्या त्या गावाचं सांगा ना," आणि मी बोटीचं सांगायचो, माशांचं सांगायचो, रस्त्यात आडव्या येणाऱ्या हरणांचं सांगायचो. ऐकणारे खूश व्हायचे. बायकोला तेवढंच माहीत होतं. ती गेली, तिलाही खरं सांगितलं नाही. आता मी म्हातारा आहे, मुलाच्या इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, त्याच्या घरी राहतो, आणि मला कुणाच्याही शाबासकीची गरज उरलेली नाही. मुलगा म्हणतो, लिहू नका. मी लिहिणार. ज्याला वाईट वाटेल त्याने वाटून घ्यावं.

जिझानच्या बंदरातून बोट पकडली की लाल समुद्रातल्या त्या बेटांवर जाता येतं. मोठ्या बेटावरची वस्ती बंदराला चिकटून आहे. तिथून आत, खजुरीच्या बनात, एक जुनं गाव होतं. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या, छपरं झावळ्यांची. बेटावरचे लोक वर्षातले बहुतेक महिने बंदराकडे राहत आणि मासेमारी करत. उन्हाळ्यात खजूर पिकायला लागला की कुटुंबंच्या कुटुंबं बिऱ्हाड उचलून आतल्या गावात जात. तिथे गोड्या पाण्याच्या विहिरी होत्या, सावली होती. खजूर उतरवून, वाळवून, भरून होईपर्यंत मुक्काम तिथेच. लग्नं तिथे जमत, भांडणं तिथे मिटत. हंगाम संपला की दाराच्या कड्यांना दोरी बांधून सगळे परत समुद्राकडे. त्या घरांना कागदपत्रं नव्हती. कुणाचं घर कुठलं हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यांच्या दृष्टीने तेवढं पुरेसं होतं.

मी सिव्हिलचा डिप्लोमावाला, रत्नागिरीकडचा. आमच्या कंपनीला ते गाव पर्यटकांसाठी नटवायचं होतं. सल्लागार म्हणून एक ग्रीक आर्किटेक्ट आला होता. तो स्वतः ग्रीसमधल्या एका बेटावरचा माणूस, जुन्या गावांच्या दुरुस्तीत मुरलेला. त्याला अरबी येत नव्हती, आणि बेटावरच्या लोकांना इंग्रजी. दोन्ही येणारा मी एकटा, म्हणून दुभाषाही मीच. बोटीवर आमच्या मॅनेजरने मला बाजूला घेतलं. गाव रिकामं असेल तर काम आपलं, म्हणाला. कुणी राहत असेल तर हा ग्रीक नाही म्हणेल, प्रकल्प दुसरीकडे जाईल, आणि मग तू, मी, सगळेच खलास.

जानेवारी महिना होता. गावात चिटपाखरू नव्हतं. आमची जीप दिसली म्हणून बंदराकडून एक गृहस्थ आले. माझ्याहून वयाने मोठे, त्यामुळे मी त्यांना काका म्हणून हाक मारली. या लिखाणात त्यांना चाचाच म्हणतो. थर्मास बरोबर आणला होता. कॉफी ओतल्याशिवाय त्यांनी कामाचा एक शब्द बोलू दिला नाही. माझी अरबी ऐकून हसले. "मुहंदिस, तुझी अरबी मशिदीतून थेट इथे आलेली दिसते. वाटेत बाजारात थांबली नाही का?" इंजिनियरला ते लोक मुहंदिस म्हणतात. मीही हसलो.

ग्रीक म्हणाला, यांना विचार, इथे कुणी राहतं का? मी विचारलं.

चाचा म्हणाले, "आत्ता नाही. खजुराला ये, तुला बसायला जागा मिळणार नाही." मग त्यांनी एका दाराकडे बोट केलं. त्या खोलीत त्यांची बायको जन्मली होती. त्यांची सगळी मुलं याच अंगणात चालायला शिकली होती. विहिरीला पाणी कुठल्या महिन्यात किती असतं, शेजारणीशी भिंतीवरून कसा वाद झाला होता, सगळं सांगत राहिले.

मी शब्दन्‌शब्द ऐकला. ग्रीकाकडे वळलो आणि म्हणालो, "नाही. इथे कुणी राहत नाही."

त्याने भुवया उंचावल्या. एवढं बोलले आणि अर्थ एवढाच?

"म्हातारा माणूस आहे," मी म्हणालो. "जुन्या आठवणी काढतोय."

चाचांनी मला विचारलं, "सगळं सांगितलंस ना त्याला?"

"सांगितलं."

आता मला कुणी सांगू नये की मला ती चालरीत कळली नसेल. माझ्या मोहल्ल्यात निम्मी घरं कुलूपबंद असतात. कुणी कुवेतला, कुणी दम्मामला, कुणी इथे. मे महिन्यात दारं उघडतात, सारवलेल्या अंगणात आंब्याच्या पेट्या येतात, लग्नांचे मांडव पडतात. एकदा जनगणनेचा माणूस आमच्या दारासमोर उभा राहून चुलतभावाच्या घराला 'रिकामं' म्हणाला, तर माझी आई त्याच्यावर तुटून पडली होती. "रिकामं कसं? तो मेमधी येतो. तू मेमधी ये आनि बग." त्या माणसाला तिने ते खोडायला लावलं. त्या आईचा मुलगा मी. बंद दार म्हणजे काय हे त्या दिवशी त्या बेटावर माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. कळूनही मी बोललो ते बोललो.

परतीच्या बोटीवर ग्रीक माझ्याशेजारी बसला आणि आपल्या बेटाबद्दल बोलायला लागला. त्याच्याकडे डोंगरावर एक गाव आणि खाली द्राक्षांच्या मळ्यांत दगडी खोल्यांची दुसरी वस्ती. द्राक्षं पिकली की डोंगरावरचे सगळे खाली उतरतात, म्हणाला, कोंबड्यासुद्धा घेऊन. हिवाळ्यात शहरातली माणसं येतात, त्या खोल्या बंद बघतात आणि मेलेली वस्ती म्हणून फोटो काढतात. "मूर्ख लेकाचे," तो म्हणाला.

बोट जिझानला लागायला बराच वेळ होता. मी त्याला एवढंच म्हणायला हवं होतं की साहेब, हे गावही तसंच आहे. त्याने तिथल्या तिथे आपला विचार बदलला असता, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. मी त्याला विचारलं, तुमच्याकडे मासे कसे करतात? त्याने लिंबू आणि ऑलिव्हचं तेल सांगितलं.

काम आमच्या कंपनीला मिळालं. बनाभोवती कुंपण आलं. दुरुस्ती चांगली झाली, खोटं कशाला बोलू. उन्हाळा आला आणि एका सकाळी चाचांचा ट्रक फाटकाशी उभा राहिला. गाद्या, पातेली, दोन शेळ्या, मागे बायका-मुलं. पहारेकऱ्याने अडवलं. चाचा त्याला शांतपणे म्हणाले, मुहंदिसला बोलाव, त्याला सगळं माहीत आहे.

मी गेलो. म्हणालो, "चाचा, वरून हुकूम आहे."

ते वाद घालतील म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी ट्रक वळवला, कुंपणाच्या बाहेर पाच-पन्नास पावलांवर त्यांचीच झाडं होती तिथे नेला आणि गाद्या उतरवल्या. दुसऱ्या दिवशी आणखी दोन कुटुंबं आली. मॅनेजरने मला त्यांना हटवायला पाठवलं. चाचा खजूर निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "हे झाड माझ्या बापाने लावलं. त्या झाडाला जाऊन विचार, मी उठू का. ते हो म्हणालं तर मी उठतो." बायका हसल्या. मी परत आलो. अख्खा हंगाम ते लोक उघड्यावर राहिले, रोज संध्याकाळी त्याच पहारेकऱ्याला कॉफी पाठवत राहिले, आणि हंगाम संपल्यावर आपल्या मर्जीने गेले. पुढच्या वर्षी पुन्हा आले. मग माझी बदली झाली.

आमच्या बैठकीतल्या एका जुन्या मित्राला मी हे अलीकडे सांगितलं. तो म्हणाला, "भाई, तू नाही बोलला असतास तर दुसरा कुणी बोलला असता. आपण नोकर माणसं." दुसरा कुणी? त्या अंगणात दोन्ही भाषा येणारा दुसरा कुणी नव्हता. नोकर होतो म्हणून माझी जीभ मालकाची झाली होती का? मी त्याला तसं विचारलं तर तो रागावून उठून गेला. जाऊ दे.

गेल्या हिवाळ्यात मुलाने आम्हाला ते गाव बघायला नेलं. अब्बांनी बांधलेलं गाव, असं तो सुनेला कौतुकाने सांगत होता. आत दिवे, दुकानं, स्वच्छ गल्ल्या. एक तरुण गाईड लोकांना सांगत होता की गावकरी फार पूर्वी हे गाव सोडून निघून गेले.

मी मोठ्याने म्हणालो, "कुणी सोडून गेलं नव्हतं."

मुलाने बाही ओढली. "अब्बा, राहू दे ना. सगळे बघतायत."

"बघू दे."

गाईडने नम्रपणे विचारलं, "हाजी, तुम्ही इथले आहात का?"

"नाही. इथे कुणी राहत नाही असं ज्याने सांगितलं, तो माणूस मी."

गाईडने लोकांना पुढे पाठवलं, माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, माझी आईही तेच सांगते, की आम्ही दर उन्हाळ्यात यायचो. पण मला बोलायला हे दिलंय. मी चाचांबद्दल विचारलं. ते हयात होते. बंदराजवळच्या घराचा रस्ता त्याने समजावून सांगितला.

वाटभर मी अरबीतली दोन-तीन वाक्यं मनात घोळवत होतो. आता चाचांना फारसं दिसत नाही. माझा आवाज ऐकून त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मुलगे, सुना, नातवंडं जमा झाली. कॉफी आली, खजूर आला. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात चाचांनी घरच्यांना माझी ओळख करून दिली.

"हाच तो मुहंदिस. याने आपलं सगळं म्हणणं त्या परदेशी माणसाला समजावलं होतं. तो मेला ऐकेना, त्याला हा काय करणार?"

इतकी वर्षं त्या घरात ग्रीकाला शिव्या पडत होत्या आणि आज माझ्यापुढे निवडून चांगले खजूर ठेवले होते. चाचांच्या मोठ्या मुलाने माझा हात दाबला. मला खरं सांगायचं होतं, तिथल्या तिथे, त्याच्या बायकामुलांसमोर. मी फक्त पेला हलवला, अजून कॉफी नको म्हणून. माझा मुलगा घड्याळ बघत म्हणाला, बोट निघेल.

दारापर्यंत चाचा भिंत चाचपत आले. "तू तुझ्याकडून केलंस," ते म्हणाले. मी त्यांच्या खांद्याला हात लावला, अल्लाह तुम्हाला सलामत ठेवो म्हणालो आणि गाडीत बसलो.

त्या घरात लहानमोठे सगळे आजही त्या ग्रीकालाच दोषी धरतात. तो दोषी नाही. गाव सोडून कुणी गेलं नव्हतं, आणि चाचा खोटं बोलले नव्हते. जी वाक्यं मी पाठ करून नेली होती आणि तशीच परत आणली, ती आपल्या भाषेत अशी:

चाचा, त्या माणसाने तुमचं ऐकलं नाही असं झालं नाही. तुमचं बोलणं मी त्याच्यापर्यंत पोचवलंच नाही. मला माफ करा.