बशीभर चहा

“शप्पथ सांगते डॉक्टरीनबाई, गोडाला हात लावत न्हाई मी,” कमलमावशी म्हणाल्या.

माझ्या हातातला रिपोर्ट वेगळंच सांगत होता. बोटातून रक्त काढून तपासलेली साखर त्या वेळेपुरती कळते. एचबीएवनसी ही टेस्ट मात्र गेल्या तीन महिन्यांची चुगली करते. त्यात गोळ्या वाढवूनही फरक नव्हता, आणि पायाच्या अंगठ्याची जखम चिघळत होती. साखर चढलेली राहिली की जखम भरत नाही. सर्जन म्हणाले होते, असंच राहिलं तर अंगठा काढावा लागेल.

मावशी लातुरात क्लासच्या पोरांसाठी मेस चालवायच्या, माझ्या दवाखान्यामागच्याच गल्लीत. एका दुपारी मी तिथे जाऊन बसले.

क्लास सुटला. किनवटची एक मुलगी आली. टेस्टमध्ये मार्क कमी पडले होते. मावशींनी तिला चहा दिला, स्वतःला बशीत थोडा ओतला आणि शेजारी बसल्या. ती उठली, दुसरा आला. पुन्हा बशी. चहा आपल्याकडचा, पाकासारखा गोड.

“मावशी, हे काय?”

“एवढ्याशा चहानं काय होतंय?”

“दिवसभरात अशा किती बशा होतात?”

त्यांनी बशी खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, “भूकंपाच्या आदल्या सांजेला माझी लेक म्हनली, आई, चहाला बस की माझ्यासंगं. मी म्हनलं, भांडी पडल्यात, तू पी. पहाटं घर पडलं. आता कोणतंबी लेकरू एकटं चहा पिताना बघवत न्हाई.”

डाएटचा छापील कागद मी पर्समध्येच राहू दिला.

“बसायचं सोडू नका,” मी म्हटलं. “फक्त बशीत ताक घ्या. बिनसाखरेचं.”

“बशीत ताक?” त्या पहिल्यांदा हसल्या. “पोरं हसतील की.”

“हसू द्या. टेस्टचे मार्क तरी विसरतील.”

पोरं हसलीच. मावशी ताक पीत बसत राहिल्या. पुढच्या रिपोर्टात साखर उतरली. जखम भरायला बराच वेळ लागला, पण अंगठा राहिला.

डायबेटिसच्या पेशंटला काय खाता, किती खाता हे आम्ही विचारतोच. मी आता कुणासोबत खाता हेही विचारते. पथ्य बहुतेक वेळा तिथेच मोडतं.