दुलकीचाचांची दुसरी फेरी

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. दुलकीचाचांची पहिली हाक मला ऐकू आली होती. चांगली स्वच्छ.

निजामाच्या राज्यात परतूर स्टेशनावरून आमच्या गावी टपालाची थैली आणणारे हरकारे म्हणजे चाचा. त्यांना चालताना क्वचितच कुणी पाहिलं असेल, आणि धावताना कधीच नाही. दोन्हींच्या मधली त्यांची चाल. खांद्यावर थैली, हातात घुंगरांची काठी, छुन्‌ छुन्‌ करत एका लयीत यायचे. आम्ही त्या चालीला दुडकी म्हणायचो. चाचांच्या घरी उर्दू. ते दुलकी म्हणत. तेलुगू पोस्टमास्तरांचा आणखीच वेगळा शब्द होता, तो आमच्या जिभेवर काही बसला नाही. "कायबी म्हणा," चाचा म्हणत, "पळणारा धापा टाकतो, चालणाऱ्याला रात गाठते. दुलकीवाला बराबर जेवायला घरी."

एक रीत त्यांनी कधी मोडली नाही. मयताची खबर असली की वेशीपाशी थांबायचे, घुंगरं मुठीत दाबायचे आणि तिथून चालत यायचे. "मौत दौडवत आणू न्हाई. तिला काय जल्दी?" त्यामुळे चाचा चालत दिसले की बायका चुलीवरचं खाली उतरवून दारात यायच्या.

माझी बायको पहिल्या बाळंतपणाला परतूरला माहेरी गेली होती. बाळ आडवं आहे, असा सासऱ्यांचा निरोप होता. अशात एका दुपारी चाचा वेशीतून चालत आले. काठी टेकत, सावकाश. ओट्यावरून आईनं पाहिलं आणि हंबरडाच फोडला, "गेली गं माझी सून!" शेजारणींनी सूर धरला. मी आत पळालो आणि कडी लावली.

चाचा बाहेर काहीतरी सांगत होते, पण त्या रडारडीत ऐकतंय कोण! शेवटी ते दाराशी आले. फटीला तोंड लावून म्हणाले, "भाऊराव, उघडा! पोरगी झाली. मायलेकी सलामत हायेत!"

बायको वाचली हे मला कळलं. आणि त्याच श्वासात, मुलगी झाली हेही. कडीवर गेलेला हात मी मागे घेतला.

चाचांना वाटलं, आत ऐकू गेलं नसावं. ते परत फिरले. जरा वेळानं वेशीकडून छुन्‌ छुन्‌ येऊ लागलं. दुलकी! आईचं रडं मध्येच तुटलं. "आरं बाबा, खुशी हाय तर मंग मघा चालत कशाला आल्तास? जीव घेतोस का?"

"टाचंत काटा मोडला, वहिनी."

मी दार उघडलं. वेशीपासून उंबऱ्यापर्यंत मातीत रक्ताचे ठसे होते.

"ऐकूच आलं न्हाई, चाचा."

त्यांनी एकदा दाराच्या फटीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "न्हाई तर न्हाई. पोरीची खबर दोनदा आणावी, बरकत ऱ्हाते. आता निघा परतूरला. आणि चालत नका जाऊ."

टाच चिघळली. पुढे बरी झाली, पण दुलकी गेली ती गेलीच. थैली त्यांच्या पुतण्याकडे गेली. संस्थान गेलं त्या सुमारास चाचा मुलाकडे हैदराबादला निघाले, तेव्हा निरोप घ्यायला आले. अंगणात माझी लेक दुडदुडत होती. "पोरीनं माझी चाल घेतली की!" म्हणाले आणि मनापासून हसले. नंतर भेट नाही.

ती लेक आता जालन्यात शाळेत मुलींना खेळ शिकवते. रोज सकाळी त्याच चालीनं मुलींची रांग घेऊन मैदानाला फेऱ्या घालते. मला म्हणाली, "अण्णा, याला जॉगिंग म्हणतात. इंग्रजीत 'जॉग' हा शब्द कोपरानं ढोसायला, विसरलेल्याची आठवण करून द्यायलाही वापरतात."

आई उगाच रडली आणि चाचा दोनदा आले, ही गोष्ट घरात अजून हसत सांगतात. मीही हसतो. चाचांची माफी मागायची राहिली. ती आता मागता येणार नाही. तिच्या जन्माची खबर मी पहिल्या हाकेलाच ऐकली होती, हे लेकीला मात्र सांगता येईल. तेवढं मी तिचं देणं लागतो.