झालं समजा

देवपूरच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर दुरुस्त करायला जळगावहून एक इंजिनियर येत. कुठलंही काम सांगा, खांद्यावरची पिशवी खाली ठेवायच्या आधीच ते म्हणत, "झालं समजा, भाऊ." चहा मागवला, तर कप यायच्या आधीच "घेतला समजा."

तेवढं मी हसून सोडून दिलं असतं. पण मशीन हळू चालतं म्हटल्यावर या गृहस्थांनी आपली खोड थेट कर्नलमध्ये, म्हणजे सगळं मशीन चालवणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, घातली. डिस्कनं लिहून झाल्याचा इशारा दिला, की मगच कर्नलनं थांबलेल्या प्रोग्रामला 'झालं' सांगायचं असतं. यांनी 'झालं' आधीच सांगायची सोय केली. डिस्कनं मागाहून, सवडीनं लिहावं! मशीन पळायला लागलं, आणि प्राचार्यांनी यांना चक्क शाल-श्रीफळ दिलं.

पुढच्याच आठवड्यात लाईट गेली. ऑफिसातल्या अक्कांनी दुपारी भरलेले परीक्षेचे मार्क डिस्कवर नव्हतेच. प्रत्येक नावापुढे त्यांना 'झालं' दिसलं होतं. "बठ्ठं गयं," सगळं गेलं, म्हणून त्या कपाळाला हात लावून बसल्या. मी जळगावला फोन लावून इंजिनियरांना फैलावर घेतलं.

"एवढं तापता कशाला, भाऊ?" ते म्हणाले. "आलो समजा."