त्रेचाळीस नंबरचा पिक्चर

विश्वासरावांना पिक्चरचं नाव सांगितलं तर ते कोरडेच बघत राहायचे. डब्यावरचा नंबर सांगितला की मात्र गडी बोलायला लागायचा. बेंगळुरूच्या गांधीनगरात येसाजीरावांची पिक्चर वितरणाची कंपनी होती आणि तिथे एकतीस वर्षं ते प्रिंट तपासायचं काम करत होते. गावोगावच्या टॉकीजमधून परत आलेलं रीळ यंत्रावर चढवायचं, दिव्याच्या काचेवरून बोटांनी सरकवत न्यायचं, तुटलं असेल तिथे जोडायचं आणि डब्यात घालून ठेवायचं. पडद्यावर त्यांनी फार थोडे पिक्चर पाहिले. बोटांखालून मात्र शेकड्यांनी गेले.

त्यामुळे पिक्चर ओळखायची त्यांची स्वतःची रीत होती. टॉकीजचे ऑपरेटर आवडलेल्या जागच्या चार-सहा फ्रेमा गुपचूप कापून खिशात घालतात. म्हणजे जिथे जोड जास्त, तिथे लोकांचा जीव अडकलेला. पौराणिकात जोड देव प्रकट होतो तिथे, डाकूंच्या पिक्चरात घोड्यांपाशी, कौटुंबिकात आई मरते तिथे. विनोदी पिक्चर बहुधा धडधाकट परत यायचा, कारण हसू काही कापून नेता येत नाही. नव्या रंगीत पिक्चरांत तर गाणी सोडली तर कुणी कात्री उचलायचे कष्टही घेत नसे.

पण जोड म्हणजे फक्त आवड, गुण नव्हे, असं विश्वासराव स्वतःला बजावायचे. दिव्यावरून सरकताना बोट आपोआप थांबतं आणि तरी कापावंसं वाटत नाही, ती जागा खरी. हे मत त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

विचारणारा भेटला तो सत्त्याण्णव साली. येसाजीराव वारले होते आणि कंपनीच्या मल्लेश्वरममधल्या गोदामाच्या जागी फ्लॅट उठणार होते. त्यांचा मुलगा शंभूराज एक दिवस गोदामात आला, नाकाला रुमाल लावून उभा राहिला आणि म्हणाला, "विश्वासअण्णा, हे सगळं भंगारात जाणार. पाच पिक्चर ठेवू या, नानांची आठवण म्हणून. कुठले, ते तुमीच सांगा. सगळ्यांत चांगले."

"पाचच?"

"घरात जागा कुठं आहे, अण्णा? पंधरा दिवसांत सांगा, सरी?"

विश्वासरावही कानडीतच 'सरी', म्हणजे बरं, म्हणाले. त्या संध्याकाळी बसमध्ये ते उगीचच ताठ बसले होते. एकतीस वर्षांनी कुणीतरी त्यांचं मत मागितलं होतं, आणि तेही दोनशे बारा पिक्चरांवर. त्यातला एक तर त्यांचा आधीच ठरलेला होता. त्याच्यासाठीच ते ताठ बसले होते.

उरलेल्या चारांनी मात्र त्यांचा घाम काढला. देवाला आणि डाकूला एकाच तराजूत कसं घालायचं? रोज सकाळी ते दोन-चार डबे काढायचे आणि दिव्यापाशी बसायचे. एका जुन्या पौराणिकात देवाला उडवणारी तार ढळढळीत दिसत होती, पण त्याच्याकडे बघणाऱ्या म्हाताऱ्या भक्तिणीच्या डोळ्यांत तार नव्हती. तो ठेवला. येसाजीरावांचा सगळ्यांत लाडका, पंचवीस आठवडे चाललेला रंगीत पिक्चर पहिल्या रिळापासून शेवटच्या रिळापर्यंत सरकवला आणि बोट एकदाही थांबलं नाही. मालकाची मनातल्या मनात माफी मागून तो बाजूला केला. एका मारामारीच्या पिक्चरात खलनायक मार खाण्याआधी चष्मा काढून नीट खिशात ठेवतो, तेवढ्यावर तो आत आला. एक विनोदी, एक रडका असे आणखी दोन झाले. शेजारच्या दुकानदारांना वाटलं, अण्णांचं डोकं फिरलं. तसं थोडं फिरलंही होतं, कारण इतका आनंद त्यांना सोसत नव्हता.

पाचवा होता त्रेचाळीस नंबर. अडुसष्ट सालचा काळा-पांढरा पिक्चर. दोन जावा दिवसभर बैलगाडीतून जातात. धाकटी थोरलीला कायमची माहेरी सोडायला निघालेली असते. बोलणं जवळजवळ नाहीच. शेवटी माहेरी उतरलेली थोरली परत निघालेल्या गाडीच्या कडेवर हात ठेवून चालत राहते, तीन वळणं तो हात तिथेच असतो, चौथ्या वळणावर नसतो. मॅजेस्टिकजवळच्या टॉकीजमध्ये तो चार दिवस चालला. विश्वासराव नव्या नवरीला, कौशल्येला, घेऊन दुपारच्या खेळाला गेले होते. ती मध्येच झोपली आणि बाहेर येऊन म्हणाली, "काय झालंच नाही की त्यात."

पुढे तुमकूरकडच्या एका टुरिंग टॉकीजने तोच पिक्चर मागितला होता. तिथला ऑपरेटर कात्रीला सैल, हे विश्वासरावांना ठाऊक होतं. तो हात कुणाच्या तरी खिशात जाणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मालकाशी खोटं बोलून टाकलं, "प्रिंट खराब झालाय." मग ओल लागू नये म्हणून त्याच्या सगळ्या डब्यांच्या झाकणांभोवती त्यांनी चिकटपट्टी घट्ट गुंडाळली. दरवर्षी त्यावर नवी पट्टी चढवली. उघडला कधीच नाही. नंतर तो कुणी मागितलाही नाही.

शेवटच्या दिवशी भंगारवाला वासुदेव टेम्पो घेऊन आला. शंभूराज दाराशी मोबाइलवर बोलत उभा होता. विश्वासरावांनी त्रेचाळीसचा पहिला डबा मांडीवर घेतला आणि एकावर एक चढलेल्या पट्ट्या नखाने सोडवायला सुरुवात केली. झाकण निघालं तसा व्हिनेगरसारखा आंबट भपकारा आला, डोळ्यांत पाणी आलं. आत रीळ नव्हतं. एक तपकिरी, चिकट लगदा होता, कुठे वेढा सुटा करायला जावं तर पापुद्रा हातात यायचा. दुसरा डबा तसाच. सगळे तसेच.

वासुदेव वाकून बघत म्हणाला, "कोंडलं की असंच होतं, अण्णा. वारा लागायला पाहिजे, मधूनमधून फिरवायला पाहिजे. चाललेले पिक्चर टिकतात." मग त्याने डबा उचलून वजनाचा अंदाज घेतला. "पण काळा-पांढरा आहे ना, त्यात चांदी असते. रंगीतात काय नसतं बघा. हा चालेल मला."

त्या गोदामात त्रेचाळीस नंबरला चांगलं म्हणणारे दोघेच निघाले, एक विश्वासराव आणि दुसरा वासुदेव.

"पाचवा कुठला मग?" शंभूराजने विचारलं.

"पाचवा नाही."

"अहो, दुसरा कुठलातरी घ्या की. दोनशे पडलेत."

विश्वासरावांनी टेम्पोकडे बघितलं. पंधरा दिवस त्यांनी एकेकाला नीट पारखून नाकारलं होतं. आता जागा भरायची म्हणून त्यातलाच एक चांगला म्हणायचा, हे त्यांच्याने होईना. "चारच ठेवा," ते म्हणाले. एक डब्यांची चवड कमी झाली म्हणून शंभूराज खूशच झाला.

घरी पोचले तेव्हा कौशल्या भाजी निवडत होती. "कसला आंबट वास येतोय तुमच्या अंगाला? हात धुऊन या अगोदर."

त्यांनी साबणाने दोनदा हात धुतले आणि तिच्यासमोर पाटावर बसले. बराच वेळ ते आठवत होते. हात दिसत होता, बांगड्या दिसत होत्या, गाडीची कड दिसत होती, पण एक गोष्ट काही केल्या जुळेना. तो पिक्चर पाहिलेलं त्यांच्या ओळखीत दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी तिलाच विचारलं, "कौशल्या, त्या थोरल्या जावेचा गाडीवर ठेवलेला हात, डावा होता की उजवा?"

तिने भाजीतून मान वर केली.

"कुठली जाऊ?"