एल्फचे कान

त्या हिवाळ्यात मी दिवसभर कुठेच नसलेल्या माणसांचे चेहरे घडवत असे. पुण्यातल्या एका गेम कंपनीसाठी झाशीतून, घरी बसूनच माझं काम चालायचं. खेळ एका जादूच्या जंगलातला होता आणि त्या जंगलातले एल्फ माझ्या वाट्याला आले होते. उंच, सडपातळ, टोकदार कानांचे, शेकडो वर्षं जगूनही म्हातारे न होणारे लोक. त्यांचे चेहरे, अंगकाठी, कपडे, रंग, सगळं मलाच ठरवायचं होतं. पडद्यावर मातीच्या गोळ्यासारखा एक करडा गोळा यायचा. त्याला पेनाने दाबत, ओढत, खरवडत त्यातून माणूस बाहेर काढायचा.

पहिले काही एल्फ परत आले. आमचा आर्ट डायरेक्टर शांत स्वभावाचा. व्हिडिओ कॉलवर चष्मा काढून त्याने डोळे चोळले की समजायचं, जमलेलं नाही.

"देखणा आहे गं," तो म्हणाला, "पण कालच जन्मल्यासारखा दिसतो. इतकी वर्षं ह्याने केलं तरी काय? आणि हे कान नुसते चिकटवल्यासारखे वाटतात."

मी कान लांब केले, मग आखूड केले. डोळ्यांत निळं पाणी भरलं, केसांत चांदी घातली. एल्फ आणखी देखणा झाला, एवढंच.

घरात मी आणि आत्या, दोघीच. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही; मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून ती निवृत्त झाली. आमचं घराणं इथे इतक्या पिढ्यांपासून आहे, की माझी मराठी ऐकून पुण्याचे सहकारी गालात हसतात. घाईत असले की मी निम्मी हिंदीच बोलते. आत्याची मराठी मात्र जुनी आणि खणखणीत. पण अलीकडे तिला ऐकू कमी येत चाललं होतं, आणि ते तिला कबूल नव्हतं. "लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात," असं म्हणायची. कुकरच्या शिट्ट्या ती वाफेकडे बघून मोजायची. कानाच्या मशीनचं नाव काढलं की तिला एकदम भाजी निवडायची आठवण व्हायची.

एका दुपारी चहा घेऊन ती माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"हा कोण?"

"एल्फ. जंगलात राहतो," मी मोठ्याने म्हणाले. "ह्याला झाडाचं पान पडलेलंसुद्धा ऐकू येतं."

आत्या बराच वेळ त्या कानांकडे बघत राहिली. "अगं बाई, मग हा बिचारा झोपतो केव्हा?"

आम्ही दोघी खूप हसलो. पण ती गेल्यावर मी पेन हातात धरून नुसतीच बसून राहिले. माझ्या एल्फला कान होते, पण तो ऐकत काहीच नव्हता.

त्याच आठवड्यात आत्याने झाशीजवळच्या बरुआसागरला जायचं काढलं. तिची पहिली नोकरी तिथल्या शाळेतली. तलाव पुन्हा बघावासा वाटतो, म्हणाली. रविवारी सकाळी आम्ही बसने निघालो. बाहेर धुकं इतकं दाट होतं, की आल्याची शेतं बस जवळ गेली की उगवत होती आणि लगेच विरघळत होती. तलावावर पोचलो तर पलीकडचा काठच नव्हता. पाणी जरा पुढे जाऊन पांढऱ्यात मिसळून गेलं होतं आणि पाठीमागचा किल्ला कुणीतरी ओल्या बोटाने पुसल्यासारखा दिसत होता.

आम्ही पायऱ्यांवर बसलो. आत्याने शाल सावरली, एक तळवा दगडावर टेकवला आणि पाण्याकडे बघतच मला विचारलं, "काय काय ऐकू येतंय गं?"

असं तिने कधीच विचारलं नव्हतं. मी नवल न दाखवता सांगायला लागले.

"कुणीतरी कपडे धुतंय. धप, धप."

"हं."

"तिकडे एक माणूस म्हशीला हाकतोय. चल री, चल, म्हणतोय."

"हं. अजून?"

अजून काही नव्हतं. निदान मला तसं वाटलं. कामाच्या वेळी माझ्या कानांवर कायम हेडफोन असतात. बाहेरचं ऐकायची सवयच मोडली होती. मी गप्प राहून कान दिला. मग एकेक आवाज धुक्यातून चालत आल्यासारखा जवळ यायला लागला. पायरीला चाटून परत जाणारं पाणी. दगडाच्या फटीत फुटणारे बुडबुडे. वाळकं पान फरशीवरून सरकल्याची खरखर. कुठल्याशा खुंटावर पंख झाडणारा पाणकावळा. मी सांगत होते आणि नकळत माझा आवाज बारीक होत गेला. आत्या माझ्या ओठांवरून वाचत होती. तिची मान जराशी कललेली, हनुवटी खाली, नजर मधूनच माझ्यावरून निघून कुठेतरी दूर. पाण्यात टाकलेला खडा डुलत डुलत तळाला जावा, तसा प्रत्येक आवाज तिच्या चेहऱ्यावरून आत उतरत होता. पोचला की ती हलकेच मान हलवायची.

"आणि झरा?" तिने विचारलं. "शाळेतून निघाले की त्या बाजूने झरा ऐकू यायचा."

मी खूप वेळ ऐकलं. "नाही येत, आत्या."

"मला येतोय," ती सहज म्हणाली.

किती वेळ बसलो, आठवत नाही. परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "ते मशीन कुठे मिळतं, विचारून ठेव."

दुसऱ्या दिवशी मी जुना एल्फ बाजूला ठेवून नवा गोळा घेतला. ह्या वेळी आधी उभं राहणं घडवलं: मान कललेली, तळवा झाडाच्या बुंध्यावर, वजन एका पायावर. चेहरा तरुणच ठेवला, पण पापण्या जड केल्या. कान आखूड केले. वर्षानुवर्षं कुड्या घालून आत्याच्या कानांच्या पाळ्या लोंबल्या आहेत. तशाच ह्याच्याही केल्या, उन्हात धरल्या तर लालसर दिसतील इतक्या पातळ. निळा आणि चांदीचा रंग काढून टाकला. कपड्यांना बुंदेलखंडातल्या खडकाचा गुलाबी करडा रंग दिला, पळसाच्या पानाच्या मागच्या बाजूचा फिका हिरवा, आणि कडांना शेवाळलेल्या पाण्याचा रंग.

कॉलवर आर्ट डायरेक्टरने एल्फला चारही बाजूंनी फिरवून बघितलं.

"हा कुणाचं ऐकतोय?" त्याने शेवटी विचारलं.

"जंगलाचं."

"आता ह्याला हात लावू नकोस," तो म्हणाला. त्याचा चष्मा डोळ्यांवरच होता.

हात लागला, अर्थात. जाहिरातवाल्यांनी कान पुन्हा लांब करून घेतले. लोक कान बघूनच एल्फ ओळखतात म्हणे. दोन दिवस मी फुरंगटून बसले. पण ती मान, तो तळवा आणि ते रंग राहिले, आणि पुढे त्या जंगलातली सगळी माणसं त्याच्याच वळणावर घडली.

थंडी सरता सरता आत्याला मशीन बसवलं. डॉक्टरांनी तिला बाकावर बसवून हळू आवाजात काही शब्द म्हटले, तिने सगळे बरोबर परत म्हटले आणि विद्यार्थिनीसारखी माझ्याकडे बघून हसली. बाहेर सदर बाजारात पाऊल टाकलं तेव्हा सकाळची गडबड होती. मला भीती, की इतक्या गोंगाटाने ती घाबरेल. ती चार पावलं चालली आणि थबकली. पुन्हा चालली, पुन्हा थबकली.

"काय झालं? दुखतंय का?"

"थांब," तिने हाताने गप्प केलं. मग निऱ्यांकडे वाकून बघत म्हणाली, "अगं, माझी साडी वाजते!"

कांजी घातलेली सुती साडी होती तिची. मी ऐकलं, खरंच वाजत होती. मागून एका ई-रिक्षावाल्याने हॉर्न दिला. "अम्मा जी, तनिक बगल हो जाओ!"

"सुन लिया भैया, सुन लिया!" आत्या केवढ्याने तरी ओरडली आणि माझ्यासाठी न थांबता, साडी वाजवत, भर बाजारातून पुढे निघाली.