वास जातो तेव्हा

शेलूबाजारला आमच्या शेजारी राहणारा तो माणूस घरात येण्याआधी उंबऱ्याशी थांबून विचारायचा, "वहिनी, कायचा वास येऊन राह्यला?" माझी बायको सांगायची, फोडणीचा, नाहीतर उदबत्तीचा. मगच तो आत यायचा.

इंजिन झिजू नये म्हणून ऑइलमध्ये जे रसायन घालतात, ते बनवणाऱ्या कारखान्यात तो होता. फॉस्फरस-गंधकाची भुकटी अल्कोहोलमध्ये पडली की सडक्या अंड्यासारखा वास मारणारा विषारी वायू सुटतो. "वास येते तवर माणसाले वेळ असते," तो सांगायचा. "गॅस वाढला का नाकच मरते. माहा जोडीदार म्हणे, वास गेला गड्या. अन् हासत हासत पडला."

मागच्या महिन्यात बायकोला सर्दी झाली होती. "मले तर कायचाच वास नाही येऊन राह्यला, भाऊजी," ती सहज म्हणाली. त्याने तिला हाताला धरून अंगणात ओढलं आणि दाराला बाहेरून कडी घातली. मी आत आंघोळ करत होतो. तसाच धावत आलो, दार बडवलं, ओरडलो.

"जाऊ नका वहिनी," तो तिला अडवत होता. "आतला माणूस गेला. त्याले काढाले जो जाईल, थोही जाते."

"अवो, ते बोलून राह्यले ना!"

मी खिडकीत आलो. त्याने मला नीट पाहिलं, पायातल्या चपला काढल्या आणि हात जोडले.

कडी शेवटी बायकोनेच काढली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्याला बाजारात भेटलो. मी तिच्या शेजारीच उभा होतो. त्याने तिला हळूच विचारलं, "जेवता ना वहिनी? एकट्यानं घास उतरत नाही."