चांदीचा डाग

वसंतमामाचा पाय कशामुळे गेला हे आमच्या सगळ्या नात्यागोत्यात माहीत आहे. कुणाला मधुमेह निघाला की मामाचं उदाहरण हमखास दिलं जातं – हट्टी माणूस, जखमेवर झाडपाला लावत बसला, डॉक्टरकडे गेलाच नाही. मी तिथेच बसलेली असते. ऐकते. कधी कधी मानही हलवते.

ते तसं झालं नव्हतं.

कसं झालं, हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला नाही, आणि मामीला तर – मामीसमोर बसले की माझी जीभच उचलत नाही. मामा मागच्या वर्षी गेला. तो होता तोवर हे माहीत असलेलं आणखी एक माणूस होतं. आता मी एकटीच उरले, आणि एकटीला हे पेलत नाही म्हणून सांगतेय – असं म्हणू का? नको. तेही कारण दिल्यासारखंच होईल. सांगते, एवढंच.

मी देवगडजवळच्या गावातून अकरावीला मुंबईत आले, ती काळाचौकीला मामाच्या खोलीत. मामा-मामीला मूल नव्हतं. मामी लालबागला एका पोळीभाजी केंद्रात जायची, भल्या सकाळी. मामा एका कंपनीत पार्सलं रवाना करायच्या कामावर होता, पण नोकरी हा त्याच्या लेखी संध्याकाळपर्यंतचा वेळ काढायचा उद्योग. संध्याकाळी व्यायामशाळेच्या मैदानावर तो मुलींना कबड्डी शिकवायचा – फुकट, अनवाणी, आवाज बसेपर्यंत. आजूबाजूच्या चाळींतल्या मुली. कुणाचे वडील टॅक्सी चालवणारे, कुणाची आई हॉस्पिटलात आया. त्यातल्या काहींना खेळाच्या जोरावर पुढे चांगल्या नोकऱ्या लागल्या. त्या त्याला मास्तर म्हणायच्या.

मैदानाच्या भिंतीकडेला दगडी पाला उगवायचा. तुम्ही पाहिला असेल – लांब देठावर एकच बारकं फूल, मध्ये पिवळं, कडेला पांढुरकं. फुटपाथच्या फटीतसुद्धा येतो. कुणाचा गुडघा फुटला की मामा चार पानं तोडून तळहातावर चोळायचा आणि रस जखमेवर पिळायचा. पोरी कळवळायच्या आणि परत चढाईला जायच्या.

तोच पाला मी एम.एस्सी.च्या प्रकल्पाला घेतला. पानं धुवायची, डिस्टिल्ड वॉटरमध्ये उकळायची, गाळायची. तो फिकट काढा सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात थेंब थेंब सोडायचा आणि वाट पाहायची. पाण्यासारखं स्वच्छ द्रावण हळूहळू पिवळसर होतं, मग मधासारखं, मग गडद तपकिरी. पानांतल्या द्रव्यांमुळे विरघळलेल्या चांदीचे कण बनतात, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे – नॅनोकण. ते जंतू मारतात. काचेच्या बशीत जंतूंचा थर वाढवायचा, मध्ये हे द्रावण घालायचं. दुसऱ्या दिवशी त्याच्याभोवती एक स्वच्छ गोल दिसतो. तिथे काही वाढलेलं नसतं. माझा पहिला गोल आला तेव्हा मी फोटो काढून मामाला दाखवला. त्यानं चष्मा लावून नीट पाहिला आणि त्या संध्याकाळी मैदानावर जाहीर केलं, की आपला पाला कॉलेजात गेला.

किती खूश होता तो. आणि मी? मला वाटायला लागलं होतं की मी काहीतरी शोधून काढलं आहे. हे काम माझ्याआधी कितीतरी लोकांनी कितीतरी पानांवर केलं होतं, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि वाटणं यांत फरक असतो ना?

आमच्या मॅडम कडक होत्या. बशीतला जंतू मेला म्हणजे माणसाची जखम भरली असं समजू नका. हे कण कातडीच्या आत जाऊन काय करतात ते तुम्हाला माहीत नाही. इथलं काहीही दाराबाहेर जाणार नाही – हे त्यांनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं.

मामाला मधुमेह होता. गोळ्या घ्यायचा, विसरायचा, पुन्हा घ्यायचा. पायाची संवेदना कमी झालेली त्यानं कुणाला सांगितली नव्हती, कदाचित स्वतःलाही नाही. एका संध्याकाळी तो मैदानावरून आला आणि मामीला लादीवर रक्ताचे ठसे दिसले. अंगठ्याखाली तळव्यात काच घुसली होती. त्याला कळलंच नव्हतं. मामीनं काच काढली, हळद दाबली. दुसऱ्या दिवशी ती कामाला गेल्यावर मी मामाला म्हटलं, की माझ्याकडे याहून चांगलं आहे.

कॉलेजातून एक डबी मी आणली होती. माझं द्रावण, जेलमध्ये घोटलेलं. पर्समध्ये, रुमालाखाली. मामानं ती आणायला सांगितली नव्हती. हे बाहेर कळलं तर मला कॉलेजातून काढतील, कुणाला सांगू नकोस, असं मीच त्याला म्हटलं. म्हणून त्यानं मामीला सांगितलं, की तो दगडी पाला वाटून लावतोय.

तुम्हाला वाटेल, हाच तो अपराध. मीही बरीच वर्षं स्वतःची अशीच समजूत घातली – वय कमी, उत्साह फार, मामावर जीव. पण मला जे सांगायचं आहे ते अजून पुढे आहे.

रोज सकाळी मामी गेली की मी जखम धुवून जेल लावायचे. आणि फोटो काढायचे. कॉलेजांची एक पोस्टर स्पर्धा जवळ आली होती. बशीतले गोल सगळेच दाखवतात. मी माणसाचा भरून आलेला पाय दाखवणार होते. पाय बरा झाला की फोटो मॅडमपुढे ठेवायचे, त्या आधी रागावतील आणि मग बघत राहतील – असं चित्र मी मनात रंगवलं होतं. जखम वरून मिटतही आली. मी खूश, मामा खूश. तो पुन्हा मैदानावर जायला लागला.

मग कडेनं काळं दिसायला लागलं.

चांदीचा डाग पडतो कातडीवर. माझी बोटं तेव्हा कायम तपकिरी असायची. मामानं एका सकाळी पाय मांडीवर घेऊन बराच वेळ निरखला.

"चेडवा, ह्यो काळो रंग तुज्या औषदाचो ना गो?"

"होय मामा. चांदीचाच डाग आहे. जाईल."

त्यानं पाय खाली ठेवला. शंका फिटली त्याची.

माझी फिटली नव्हती. डबी आणायच्या आधी मी तेच जेल स्वतःच्या मनगटावर लावून पाहिलं होतं. डाग पडला तो फिकट तपकिरी, आणि थोड्याच दिवसांत विटून गेला. मामाच्या पायावरचं काळं तसं नव्हतं. ते पसरत होतं. त्याला किंचित वास होता – धुताना मी तोंड बाजूला करायचे. वास कशाचा येतो हे सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या मुलीला कळत नाही? कळतं. मी ते स्वतःला कळू दिलं नाही, असं म्हणणंही सभ्यपणाचं झालं. मला कळत होतं.

स्पर्धा शुक्रवारी होती. गुरुवारी संध्याकाळी मामाला मैदानावर हुडहुडी भरली. मुलींनी त्याला धरून घरी आणलं. आम्ही टॅक्सीनं परळच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. डॉक्टर तरुण होते, दमलेले. त्यांनी तळवा दाबला आणि वरून मिटलेल्या जखमेतून जे बाहेर आलं ते पाहून मामीनं पदर तोंडाला लावला. कातडीखालून सगळं घोट्यापर्यंत गेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, यावर काय लावत होता?

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. माझ्या पर्समध्ये ती डबी होती.

मामानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, विचारायला म्हणून नाही. मैदानावर एखादी पोर पकडीत सापडली की तो जसा बघायचा, तसं.

"दगडी पाला," तो म्हणाला. "वाटून. माझा मीच लावलेला."

डॉक्टरांनी त्याला खूप सुनावलं. एवढ्या मोठ्या शहरात राहून झाडपाला लावत बसता, म्हणाले. मामा ऐकत राहिला. मी एक शब्द बोलले नाही. त्या वेळी बोलले असते तर पाय वाचला असता का? बहुधा नाही. पण तो हिशोब मी करत नव्हते. मी कॉलेजचा विचार करत होते.

शुक्रवारी मी स्पर्धेला गेले. हो, गेले. पायाचे फोटो आदल्या रात्रीच फोनमधून पुसून टाकले होते. फक्त बशीतले गोल दाखवले. दुसरं बक्षीस मिळालं. मी संध्याकाळी हॉस्पिटलात पोचले तेव्हा मामाला ऑपरेशनला नेलं होतं. गुडघ्याच्या खालून पाय काढला.

इथे थांबता येईल. पण त्याच आठवड्यातली एक गोष्ट मी वर गाळली. लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं, की मी ती गाळून पुढे गेले – इतकी सवय झाली आहे.

सोमवारी मामी मला गॅलरीत घेऊन गेली होती. तिलाही वास आला होता. ती म्हणाली, ह्यांना डॉक्टरकडे जायला सांग, माझं ऐकत नाहीत, तुझा शब्द मोडणार नाहीत. मी म्हटलं, सांगते. आत गेले. मामा लुंगी वर करून बसला होता. मला पाहून त्यानंच विचारलं, जाऊया का गो दाखवायला? त्यानंच विचारलं. आणि मी म्हटलं – शुक्रवार होऊ दे मामा. आता डॉक्टरकडे गेलास तर ते माझं औषध काढून दुसरं लावतील, मग कशानं बरं झालं ते कळणार नाही. शनिवारी मी स्वतः नेते तुला.

बरं, म्हणाला.

मग बाहेर येऊन मी मामीला सांगितलं, की मी खूप समजावलं, पण तो ऐकतच नाही.

रात्री जेवताना मामी त्याच्यावर बरसली. पोर एवढी जीव तोडून सांगते तरी माणसाला काही वाटत नाही, म्हणाली. मामानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग तो भात कालवत राहिला. एकदाही म्हणाला नाही, की ती असं बोललीच नाही.

त्या क्षणी तरी मी बोलायला हवं होतं. सोमवार होता. काळं अजून अंगठ्याच्या आसपासच होतं.

पुढचं थोडक्यात. मामा काही वर्षं प्लास्टिकच्या खुर्चीत बसून शिकवत होता, मग हळूहळू मुली कमी झाल्या आणि मैदान मुलांच्या क्रिकेटकडे गेलं. कृत्रिम पाय त्यानं शेवटपर्यंत कुरकुर करत वापरला. माझं लग्न झालं, दादरच्या एका कॉलेजात नोकरी लागली. सणावाराला जायचे तेव्हा तो मुलांना काय शिकवतेस म्हणून विचारायचा. पायाचा विषय त्यानं काढला नाही. मी काढला नाही. एकदा दोघंच होतो, तो काहीतरी बोलायला लागला – "शुभे, त्या टायमाक" – आणि मी उठून चहा टाकायला गेले. तो काय म्हणणार होता ते मला आता कधीच कळणार नाही.

तो गेल्यावर व्यायामशाळेत शोकसभा झाली. त्याच्या सगळ्या पोरी आल्या होत्या. आता बायका झालेल्या, कुणी पोलिसात, कुणी रेल्वेत. मला बोलायला सांगितलं. मी चांगलं बोलले. मास्तरांनी सगळ्यांना वेळेवर उठायला, वेळेवर यायला शिकवलं, म्हणाले, पण स्वतःच्या बाबतीत तेवढं वेळेवर ऐकलं असतं तर आणखी कितीतरी मुली घडल्या असत्या. बायकांनी डोळे पुसले. हे वाक्य मी आदल्या दिवशी तयार करून ठेवलं होतं.

खाली येऊन बसले तेव्हा मामीनं माझा हात हातात घेतला. शेजारच्या बाईला म्हणाली, "हिनं किती सांगितलं होतं त्यांना. पण ऐकलं नाही."

मी म्हटलं, "हो मामी. नाहीच ऐकलं."

ऐकलं होतं त्यानं. मी सांगेन ते सगळं तो ऐकायचा.